धाकटीचे अठ्ठावीस व्होल्ट

माझी धाकटी जाऊ कॉलेजातून ते विमानाचं यंत्र घरी घेऊन आली, त्या दिवशी मी तिच्यासाठीच पिठलं टाकलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी तिच्याशी कायम वाकड्यातच वागत होते. तसं नव्हतं. तिला माझ्या हातचं पिठलं आवडायचं. ती यायची त्या बसच्या बेतानं मी ते करायची, आणि करता करता मनातल्या मनात तिच्यावर जळायची. दोन्ही एकाच वेळी चालायचं.

आमचं घर येरमाळ्यात, हायवेला लागून. पुढं आमच्या ह्यांचं दुकान: बॅटऱ्या, सेल्फ, डायनामो, ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग. मागं आम्ही राहायला. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटा दीर आणि त्याची बायको. आमचा मुलगा लातूरला होस्टेलवर. दीर तालुक्याला सरकारी नोकरीत, आणि धाकटी धाराशिवच्या एका पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं यायची.

मी पण इलेक्ट्रॉनिक्सच शिकलेली. पण पुरतं नाही. डिप्लोमाची दोन वर्षं झाली होती, तिसरं सुरू व्हायच्या आधी स्थळ आलं. राहिलेलं वर्ष लग्नानंतर करू द्या, आम्ही आडवं येणार नाही, असं सासरच्यांनी माझ्या वडलांना सांगितलं होतं. आणि खरंच, आडवं कुणी आलं नाही. विषयच कुणी काढला नाही. सासऱ्यांचं आजारपण झालं, मग मुलगा झाला, मग दुकान वाढलं. हे मनानं चांगले आहेत. माझं शिक्षण त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं, जसं एखाद्याला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या हे आपण विसरून जातो.

धाकटीला बघायला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. कांदेपोहे खाऊन झाल्यावर सासूबाई आपणहून म्हणाल्या, पोरगी शिकलेली हाय, तिला नोकरी करू द्यायची आमी. माझ्या हातातली बशी तशीच राहिली. काळ बदलला होता, सासूबाईही बदलल्या होत्या, हे चांगलंच झालं. फक्त मी तेवढी आधी आले होते.

तर ते यंत्र. धाकटीनं पिशवीतून काढून ते जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. काळं, जड, पुढून गोल काचेचं. काचेआड वरचा अर्धा भाग निळा, खालचा तपकिरी, मधे एक पांढरी रेघ. सासूबाईंनी ते उचलून बघितलं.

"घड्याळ हाय व्हय? मग काटे कुठं हैत?"

धाकटीनं समजावून सांगितलं. विमान ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. आपण सरळ चाललोय का एका अंगावर कललोय, हे पायलटला कळत नाही. तेव्हा तो या काचेत बघतो. आत एक लहान मोटर भोवऱ्यासारखी फिरते, आणि भोवरा जसा फिरताना उभाच राहतो तशी ही पांढरी रेघ जमिनीला धरून राहते, विमान कसंही कलो. कॉलेजच्या प्राचार्यांना हैदराबादच्या भंगार बाजारात अशी काही जुनी यंत्रं मिळाली होती. त्यांचा विचार असा होता की लाकडाचं एक लहान कॉकपिट करायचं, त्यात ही यंत्रं बसवायची आणि जीपमध्ये घालून खेड्यापाड्यातल्या शाळांना दाखवायची. धाराशिवच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं पोरं रोज मान वर करून बघतात, त्यांना आतलंही बघू दे. अडचण एकच होती. यंत्राला अठ्ठावीस व्होल्ट लागत होते, आणि जीपची बॅटरी बारा व्होल्टची. बाराचे अठ्ठावीस करणारं सर्किट बनवायचं काम धाकटीकडं आलं होतं.

दिरानं कौतुकानं बायकोकडं बघितलं, ते मला चाललं. नवऱ्यानं बघायचंच असतं. पण आमच्या ह्यांनीही तसंच बघितलं. हात धुवून ते यंत्र मांडीवर घेऊन बसले आणि पिठल्याचं ताट थंड झालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानातल्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून यंत्राला लावल्या. बारा आणि बारा चोवीस. जवळपास आलं, असं त्यांचं म्हणणं. मोटर फिरली, पण रेघ तिरपीच राहिली. काचेच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी होती. वीज पुरेशी मिळाली की ती आत सरकायला हवी, ती जागची हलली नाही. बॅटऱ्या दुरुस्तीला आलेल्या, दमलेल्या होत्या, म्हणून असेल. पण यंत्रच बिघडलेलं असेल तर? भंगारातलं होतं. धाकटीचा चेहरा उतरला.

रात्री ह्यांना वाढताना मी म्हणाले, "चालू ट्रकला अठ्ठावीस असतात की. इंजिन चालू असलेल्या ट्रकवर लावून बघा."

हे हूं म्हणाले आणि आमटीत भाकरी कुस्करू लागले.

दुसऱ्या दुपारी, धाकटीला सुट्टी होती, कांदा भरून सोलापूरला निघालेला एक ट्रक हॉर्नच्या दुरुस्तीला थांबला. ह्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करू नका म्हणून सांगितलं, धाकटीला हाक मारली आणि ट्रकच्या बॅटरीवरून दोन वायरी काढून यंत्राला लावल्या. आधी गुणगुण झाली, मग गांधीलमाशीसारखा बारीक आवाज, मग तो आवाज चढत चढत इतका वर गेला की ऐकूच येईना. लाल पट्टी आत गेली. धाकटीनं यंत्र हातात धरून डावीकडं कलवलं, उजवीकडं कलवलं. रेघ जमिनीला धरून राहिली. ड्रायव्हर खाली उतरून बघत उभा राहिला.

"दादा, कसं सुचलं तुम्हाला?" धाकटी म्हणाली. ती ह्यांना दादा म्हणते.

"ट्रकातच जन्म गेला की माझा," हे म्हणाले आणि हसले.

मी मागच्या दारात चहाची किटली घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, चहा घ्यायला हात पुढं केला. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की ते त्यांनाच सुचलं. मी चहा ओतला आणि आत गेले. त्या दिवशी माझ्या भाकरी इतक्या जाड झाल्या की सासूबाईंनी एक उलटून बघितली.

मग धाकटीचं काम सुरू झालं. ओसरीतलं शिवणाचं टेबल ह्यांनी स्वतः फडक्यानं पुसून तिला दिलं. दुकानातला चांगला दिवा आणून वर टांगला. इतक्या वर्षांत त्या टेबलावर मी ब्लाऊज शिवले, पडदे शिवले, ते ह्यांना पुसायला कधी लागलं नव्हतं. ती कॉलेजातून आली की चहा घेऊन सरळ टेबलाशी बसायची. मी आतून ताट वाजवलं तर सासूबाई म्हणायच्या, "तिला नगं उठवू. ती इमानाचं काम करती."

इमान म्हणजे विमान. मला मात्र ते ऐकताना वाटायचं की आपण काय बेइमानाचं काम करतोय का इथं चुलीशी.

खरी आग कशाची होती सांगू का? तिच्या सोल्डरच्या वासाची. तो वास स्वयंपाकघरात यायचा आणि माझ्या बोटांना काहीतरी व्हायचं. मला माहीत होतं ती काय करतेय. बाराचे अठ्ठावीस करायची युक्ती सोपी आहे. तांब्याच्या कॉइलमधून वीज सोडायची आणि एकदम तोडायची. तोडली की कॉइल उसळी मारते आणि व्होल्टेज वर चढतं. ट्रकचा हॉर्न सोडताना बटणाशी ठिणगी पडते, ती याच उसळीची. ही तोडजोड एका ट्रान्झिस्टरकडून सेकंदाला हजारो वेळा करून घ्यायची आणि वर चढलेली वीज साठवायची. दुसऱ्या वर्षाला आम्हाला होतं हे. मी प्रॅक्टिकलला केलं होतं, आणि माझं चाललं होतं.

तिचं सर्किट पहिल्यांदा चाललं ते बल्बवर. चोवीसचा ट्रकचा बल्ब लावला, मीटरवर अठ्ठावीस आले, हलले नाहीत. ह्यांनी टाळी वाजवली. दिरानं फोटो काढला. मी दारातूनच चांगलं झालं म्हणाले आणि माझं तोंड मलाच आंबट लागलं. मग तिनं बल्ब काढून यंत्र लावलं आणि नुसता टक् आवाज आला. मग थांबून पुन्हा टक्. मोटर हलायची आणि थांबायची, हलायची आणि थांबायची. सुरुवातीला जागची उठताना मोटरीला भरपूर करंट लागतो, तो मागितला की सर्किट हात वर करायचं. तिनं बरंच काही बदलून बघितलं. एकदा ट्रान्झिस्टर जळाला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्या संध्याकाळी शेवयाची खीर केली. कुणी विचारलं नाही कशासाठी.

पुढच्या आठवड्यात मी माझं सर्किट करायला घेतलं.

लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. दुपारी जेवून हे तासभर पडायचे तेव्हा दुकानावर मीच बसायचे. फ्यूज, बल्ब, वायरीचे तुकडे द्यायला. गिऱ्हाईक नसलं की मागच्या भंगारात शोधाशोध करायची. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून मला कॉइल गुंडाळायला पिवळ्या रंगाची एक मोठी कडी मिळाली, बांगडीएवढी नाही पण चांगली जाडजूड. डायनामो भरायची तांब्याची तार दुकानात होतीच. त्या तारेचे तीन पदर एकत्र पिळून मी कडीवर फेरे घातले. हाताला सवय नव्हती असं मला वाटलं होतं, पण फेऱ्याला फेरा चिकटून बसत गेला. सासूबाईंनी एकदा येऊन बघितलं आणि विचारलं, तू बी इमानाचंच करतीस का? मी म्हणाले, बघते जमतंय का. त्या म्हणाल्या, मग डाळ मी निवडते. बस, एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला कुणी करू देणार नाही.

बाकीचं मी एका मेलेल्या इन्व्हर्टरच्या कार्डातून काढलं. काही आठवलं, काही मोबाईलवर बघितलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काहीच न जोडता चालू केलं, आणि व्होल्टेज चढतच गेलं. कपॅसिटर फटकन फुटला. दूध लागलं का, असं सासूबाईंनी आतून विचारलं. नवा कपॅसिटर मोठा घातला, आणि एक बारकी किल्ली लावली, ती फिरवून व्होल्टेज हातानं कमी-जास्त करायचं. बल्ब लावला, किल्ली फिरवली, अठ्ठावीस आणले. बल्ब भक्कम पेटला. मी त्याच्याकडं बघत बसले. समोर ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता, त्याला फ्यूज हवा होता.

रविवारी सगळे घरी होते. धाकटी टेबलाशी बसली होती, पुन्हा तेच टक् टक् चाललं होतं. मी माझी पाटी आणली, म्हणजे प्लायच्या तुकड्यावर ठोकलेलं सर्किट, आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"यावर लावून बघ," मी म्हणाले.

ह्यांनी विचारलं, हे कुणी केलं. मी म्हणाले मी. कधी केलंस, म्हणाले. दुपारी, म्हणाले मी.  धाकटीनं आधी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग यंत्राच्या वायरी माझ्या सर्किटला जोडल्या. मी बॅटरीचा चिमटा लावला.

टक् झालं नाही. गुणगुण झाली. आवाज चढायला लागला. तिनं इतके दिवस घाम गाळला तरी तिच्या सर्किटवर जी मोटर उठली नव्हती, ती माझ्या सर्किटवर उठली. माझ्या छातीत जे झालं ते मी तरी आनंद म्हणणार नाही. त्यात गोडी कमी आणि तिखट जास्त होतं. मी ह्यांच्याकडं बघत होते. बघा म्हणत होते, न बोलता. आवाज बारीक झाला, लाल पट्टी आत गेली, आणि त्याच क्षणी धाकटीनं झडप घालून बॅटरीची वायर उपसली.

मोटर हळूहळू थांबायला लागली.

"बघवलं नाही व्हय तुला?" मी म्हणाले. सगळ्यांसमोर.

तिनं मीटर माझ्याकडं वळवलं. आकडा अजून खाली उतरत होता, आणि उतरता उतरताही पस्तीसच्या वर होता.

"आक्का, मोटर वेगात आली की करंट कमी घेते," ती म्हणाली. "करंट कमी झाला की तुमचं व्होल्टेज चढतं. आणखी थोडा वेळ राहिलं असतं तर यंत्र जळालं असतं."

खरं होतं. किल्ली मी बल्बवर लावून ठेवली होती. मोटर काही बल्ब नव्हे, तिची भूक बदलत जाते. व्होल्टेजवर नजर ठेवून आपोआप आवरणारं असं माझ्या सर्किटात काहीच नव्हतं. तिच्यात होतं. तिचं सर्किट अठ्ठावीसवर घट्ट बसायचं, पण मोटर उठवायचं नाही. माझं उठवायचं, पण आवरायचं नाही.

दीर उठून बाहेर गेला. हे यंत्राला हात लावून गरम झालंय का बघत राहिले. मला तिथून उठून जाता आलं असतं, पण पाय निघेना. धाकटीनं माझी पाटी उचलून डोळ्यांजवळ नेली होती आणि ती पिवळी कडी बघत होती. मग तिनं स्वतःच्या सर्किटावरची कडी बघितली, काळी, लहान, ऑनलाईन मागवलेली.

"माझी कडी भरून जात होती," ती म्हणाली. ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. मग तिनं नीट सांगितलं. कडीला एका हद्दीपर्यंतच करंट पेलतो. त्यापुढं गेलं की ती भरते आणि नुसत्या वायरीसारखी वागते, उसळी मारत नाही. तिची कडी मोटर उठतानाच्या करंटला भरत होती, म्हणून सर्किट हात वर करत होतं. माझी कडी मोठी होती, शिवाय लोखंडाच्या भुकटीची. ती इतक्या लवकर भरत नाही.

"तुम्ही मुद्दाम ही निवडली का आक्का?"

हो म्हणावंसं वाटलं. जीभ वळली होती.

"न्हाय," मी म्हणाले. "हाताला आली त्यात ही मोठी होती."

जे मला जमलं होतं ते का जमलं, हे मला माहीत नव्हतं. तिला जमलं नव्हतं, आणि का जमलं नाही हे तिनं एका नजरेत ओळखलं. तिच्यावर जळायची मला इतकी सवय झाली होती. तिची नोकरी, तिचा पगार, तिची बस, तिचं पुसलेलं टेबल. पण त्या रविवारी मला कळलं की मी खरी जळते ती तिच्या त्या तिसऱ्या वर्षावर. ते तिच्या डोक्यात होतं आणि माझ्या डोक्यात तिथं रिकामी जागा होती.

माझी कॉइल तिनं तिच्या कार्डावर बसवली. विचारून बसवली. मी सोल्डरची तार धरली, तिनं सोल्डरिंगची तापलेली इस्तरी धरली. यंत्र लावलं. मोटर एका दमात उठली, पट्टी आत गेली, मीटर अठ्ठावीसवर येऊन थांबलं आणि तिथंच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, झालं का एकदाचं, आता टेबल मोकळं करा. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, तू कॉलेजात होतीस ते हेच शिकत होतीस का? मी हो म्हणाले.  रात्री झोपताना हे म्हणाले, ट्रकचं तूच बोलली होतीस न्हाय का. मी म्हणाले, झोपा आता.

पहिली शाळा ढोकीकडची होती. धाकटीनं मला बरोबर चला म्हणून धरलं आणि मी गेले. न जाऊन करते काय, माझी कॉइल जात होती. उसाच्या ट्रॉल्यांमागून जीप रांगत होती, मागं लाकडी कॉकपिट दोरखंडानं बांधलेलं. शाळेच्या पटांगणात ते उतरवलं. एकेक पोर आत बसायचं, दोघं मिळून कॉकपिट कलवायचे, आणि आतली रेघ जमिनीला धरून राहिली की बसलेलं पोर बाहेर डोकं काढून जमीन खरंच तिथंच आहे का बघायचं. रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती.

प्राचार्य आले होते. त्यांनी सर्किटाचा डबा उघडून बघितला आणि छान झालंय मॅडम म्हणाले. धाकटी लगेच म्हणाली, "सर, कार्ड माझं आहे. कॉइल माझ्या जाऊबाईंची. कॉइल नसती तर हे चाललं नसतं."

प्राचार्य माझ्याकडं वळले. चांगला माणूस. त्यांनी विचारलं किती फेरे घातले, मी सांगितलं. तारेचे पदर किती, सांगितलं. मग ते म्हणाले, पिवळीच कडी का घेतली. मी तोंड उघडलं. धाकटी गप्प होती. ती मुद्दाम थांबली होती, मला बोलता यावं म्हणून, आणि तिनं आठ दिवसांपूर्वी मला सांगितलेलं सगळं मला येत होतं. पण ते तिचं होतं. मला ते माझं म्हणून सांगता येईना. शेवटी तीच बोलली, इतक्या सोप्या शब्दांत बोलली की शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या मास्तरांनाही कळलं. माझ्याच कॉइलबद्दल ती माझ्यापेक्षा चांगलं बोलली. मी हसत उभी होते. गाल दुखायला लागले.

परत येताना जीपमध्ये मागं आम्ही दोघीच होतो. येडशीच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, "आक्का, तुम्हाला माझा राग येतो का?"

मी बाहेर बघत होते. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"राग न्हाय," मी म्हणाले. "हेवा वाटतो. तू आलीस त्या दिवसापासून."

 ती म्हणाली, "मला वाटलं होतं, राग आहे. रागाचं मला लई वाईट वाटायचं. हेव्याचं चालंल."

"चालंल काय?"

"चालंल म्हणजे, तुम्ही ठेवा तो. मी कुठं काढून घेते."

मला हसू आलं, आणि मग हसू आल्याचाही राग आला. घर आलं. उतरताना दोघींनी मिळून डबा उचलला.

त्यानंतर तिनं माझ्या तिसऱ्या वर्षाची कॉलेजात चौकशी केली. मी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं गेल्यावर अभ्यासक्रम बदलला होता, जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. ती म्हणाली करा, मी आहे. मी बरेच दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. तिच्या वर्गात तिच्यासमोर बाकावर बसायचं मला जमलं नसतं. लोक याला मोठेपण म्हणोत की खोटा ताठा, ते तसंच होतं.

दिवाळीनंतर दीर आणि ती धाराशिवला राहायला गेले, बसचा त्रास वाचावा म्हणून. ओसरीतलं टेबल आता माझं आहे. दुपारी मी तिथं बसते. ट्रॅक्टरच्या मोबाईल चार्जरपासून इन्व्हर्टरच्या कार्डापर्यंत जे येईल ते बघते. धाकटीच्या कॉलेजातल्या पोरांचे प्रोजेक्ट असले की ती त्यांना सांगते, कॉइल येरमाळ्याहून करून आणा. पोरं येतात, मला मॅडम म्हणतात. मी म्हणू देते.

गेल्या महिन्यात तिनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. कॉकपिटासाठी नवं यंत्र मिळालंय, त्याला वेगळंच व्होल्टेज लागतं, आणि त्याची कॉइल तिनं स्वतः गुंडाळली होती. मला विचारलं नव्हतं. मी फोटो मोठा करून बघितला. फेऱ्याला फेरा चिकटलेला, कुठं फट नाही. तोच जुना हेवा पुन्हा पेटला. फोन खाली ठेवला, भाज्या चिरल्या, सासूबाईंना गोळ्या दिल्या. मग तिला फोन लावला आणि सांगितलं की कॉइल चांगली झालीय, पण दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून घे, जीप हादरते, सुटतील.

बांधते म्हणाली.